प्रमाण कोण ठरवतो? : सेंद्रिय रसायनातील संशोधन आणि आपली मुले

माझे वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात २६ वर्षे हेल्पर होते. नाव कंत्राटदाराच्या पटावर. कारखान्याच्या पटावर ते अखेरपर्यंत चढले नाही. दासगावच्या बौद्धवाडीतून पहाटे निघायचे आणि पाळी संपली की परत यायचे. एक पिवळसर पावडर पोत्यातून रिॲक्टरच्या तोंडात ओतणे, हे त्यांच्या कामातले मुख्य काम. कोकणातला पावसाळा, हवा ओलीचिंब. पोते उघडताच पावडर धूर सोडू लागे. डोळे चुरचुरत, घसा धरे. तोंडाला रुमाल बांधून ती ओतायची. आई त्यांचे कपडे वेगळे धूत असे. वडील त्या पदार्थाला 'धूरवाली पावडर' म्हणत. तिचे खरे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ते नाव मी बारावीतच पाठ केले होते : ॲल्युमिनियम क्लोराइड. पण पुस्तकातले ॲल्युमिनियम क्लोराइड आणि वडिलांची धूरवाली पावडर एकच, हे मला मुंबईत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, प्रयोगशाळेत बाटलीचे झाकण उघडले तेव्हा कळले. वास ओळखीचा होता. तो वडिलांच्या सदऱ्याला येत असे.

त्या दिवाळीत घरी आलो तेव्हा मोठ्या उत्साहाने वहीत षटकोन काढला, बाण काढले आणि वडिलांना सांगितले की, तुम्ही २० वर्षे फ्रिडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया करता आहात. त्यांनी वही लांब धरून पाहिली. मग विचारले, ''पर ती किती वतायची, ह्ये कोन ठरवतो?'' मी म्हणालो, कंपनीतले साहेब. ''आनि सायबाला कोन सांगतो?''

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुढची आठ वर्षे लागली. ते उत्तर असे की, कुठल्या तरी प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षे घालवून पीएच.डी. झालेला माणूस सांगतो. कोणता पदार्थ कशापासून करायचा, किती टप्प्यांत करायचा, काय आणि किती ओतायचे, शेवटी नाल्यात काय जाणार, हे सगळे तो ठरवतो. त्या माणसाचे शिक्षण कसे होते आणि त्या शिक्षणात आपण कुठे आहोत, हे मला इथे मांडायचे आहे.

आपल्या नियतकालिकांतून साहित्याची चर्चा भरपूर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. राखीव जागांची, धर्मांतराची, भूमिहीनांची चर्चा झाली. चळवळीने कवी दिले, वकील दिले, अधिकारी दिले. विज्ञानाचा विषय निघतो तो बहुधा अंधश्रद्धेविरुद्ध उगारायचे एक शस्त्र म्हणून. परंतु विज्ञान हे एक कामही आहे. त्यात हात काळे होतात. ते कोणीतरी कोणाला शेजारी उभे करून शिकवावे लागते, आणि शेजारी कोणाला उभे करायचे हे ठरवणारी माणसे असतात. याची चर्चा आपण क्वचितच करतो. मी रसायनाचा माणूस, तेव्हा माझ्या विषयापुरते बोलतो.

'सेंद्रिय' हा शब्द हल्ली गुळाच्या ढेपेवर आणि भाजीच्या टोपलीवर दिसतो. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्यांचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा असतो असे पदार्थ म्हणजे सेंद्रिय पदार्थ : औषधे, रंग, कीटकनाशके, अत्तरे, प्लॅस्टिक. एके काळी अशी समजूत होती की, असे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात, त्यांना 'प्राणशक्ती' लागते. १८२८ साली फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनतज्ज्ञाने अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया तयार केला, म्हणजे मुतात सापडणारा पदार्थ काचेच्या भांड्यात केला. जो गुण जन्मानेच येतो असे सारे धरून चालले होते, तो जन्माशिवाय आला. एका प्रयोगाने ती समजूत पुरती मेली नाही, पण तिचे हाड मोडले ते तिथेच. हा इतिहास वर्गात सांगताना मी क्षणभर थांबतो. मागच्या बाकावरची काही मुले हसतात. त्यांना समजलेले असते.

संश्लेषण म्हणजे जोडकाम. साध्या, स्वस्त रेणूंपासून हवा तो रेणू पायरीपायरीने उभा करायचा. त्याचा विचार मात्र उलटा करावा लागतो. हवा तो रेणू समोर ठेवायचा आणि विचारायचे, हा कोणता बंध तोडला तर याचे दोन सोपे तुकडे होतील? त्या तुकड्यांचे आणखी तुकडे कसे होतील? अशा रीतीने मागे मागे जात बाजारात ड्रममध्ये मिळणाऱ्या पदार्थापर्यंत यायचे. या उलट्या विचाराची शिस्त एलियास कोरी यांनी घालून दिली आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याचे उत्तम उदाहरण आमच्या दारात आहे, आणि आमच्याच मुलांना ते ठाऊक नसते. ब्रुफेनची गोळी आपल्या सगळ्यांच्या घरात असते. ताप, दाढदुखी, दिवसभर राबून आलेली अंगदुखी, सगळ्याला ती. तिच्यातले औषध आयबुप्रोफेन. त्याचा रेणू उलट दिशेने सोडवत गेलो की आपण आयसोब्युटिल बेन्झीन नावाच्या तेलकट द्रवापाशी येतो. हा द्रव टोल्युइन आणि प्रोपिलीन यांपासून, सोडियम-पोटॅशियमसारख्या अल्कली धातूंच्या उत्प्रेरकाने करता येतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत विनती ऑर्गॅनिक्स या कंपनीने फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेचे तंत्रज्ञान घेऊन १९९२ साली त्याचे उत्पादन सुरू केले, आणि आज हा पदार्थ करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत तिची गणना होते. टी.वाय.च्या वर्गात आयबुप्रोफेन शिकवताना आम्ही इंग्लंडची आणि अमेरिकेची नावे फळ्यावर लिहितो. पहिल्या ओळीतला पदार्थ दासगावहून एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासावर तयार होतो, हे मी सांगतो तेव्हा मुले वहीतून मान वर करतात.

आयबुप्रोफेन शोधले ते इंग्लंडमधल्या बूट्स कंपनीत, स्टुअर्ट ॲडम्स आणि जॉन निकल्सन यांनी. १९६९ साली ते ब्रिटनमध्ये औषध म्हणून आले. बूट्सची मूळ पद्धत सहा टप्प्यांची. पहिल्या टप्प्यात आयसोब्युटिल बेन्झीनवर ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि आमची धूरवाली पावडर. मग एकेक पदार्थ आत घालायचा, त्याचा एखादा तुकडा वापरायचा आणि उरलेला टाकायचा. सहाही टप्प्यांत जे जे आत गेले त्याच्या वजनाचा हिशेब मांडला, तर जेमतेम ४० टक्के भाग औषधात उतरतो. १९९२ साली, म्हणजे महाडचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, अमेरिकेत टेक्सासमधल्या बिशप गावी नवी पद्धत सुरू झाली. ती तीन टप्प्यांची. पहिल्यात हायड्रोजन फ्लोराइड, दुसऱ्यात रॅने निकेलवर हायड्रोजन, तिसऱ्यात पॅलेडियमच्या मदतीने कार्बन मोनॉक्साइड. आत गेलेल्यापैकी ७७ टक्के भाग औषधात उतरतो. बाहेर पडणारे ॲसिटिक आम्ल परत वापरले तर जवळपास सगळाच. १९९७ साली या पद्धतीला अमेरिकेच्या अध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा हरित रसायनाचा पुरस्कार मिळाला.

औषध तेच, गोळी तीच. फरक पडला तो उत्प्रेरकाने.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे सांगायला बरेच शिक्षक विरजणाचा दाखला देतात. तो मला पटत नाही. विरजण जिवंत असते, वाढते. आमच्याकडे दुसरा दाखला आहे. पोलादपूरहून खेडला जायचे तर कशेडी घाट चढून उतरावा लागे. गाडी तापे, डिझेल जळे, पावसात दरडीची भीती. आता बोगदा झाला आहे. पोलादपूर जिथे होते तिथेच आहे, खेडही तिथेच आहे. पण मधला चढ वाचला. आणि शंभर गाड्या गेल्या म्हणून बोगदा शंभर हातांनी कमी होत नाही. उत्प्रेरक हे असे करतो. कच्चा माल आणि तयार माल यांच्यातला ऊर्जेचा फरक तो बदलत नाही; मधला डोंगर टाळणारी वाट देतो आणि स्वतः खर्च होत नाही. १८३५ साली बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या गुणाला नाव दिले.

आता या व्याख्येवर आमची धूरवाली पावडर तपासा. पुस्तके तिला उत्प्रेरक म्हणतात. पण वडिलांच्या कारखान्यात चालणाऱ्या अभिक्रियेत तयार होणारा कीटोन या पावडरीला घट्ट धरून ठेवतो, म्हणून ती चिमूटभर घालून भागत नाही. कच्च्या मालाच्या रेणूंइतकी, किंबहुना थोडी जास्तच घालावी लागते. शेवटी पाणी ओतून कीटोन सोडवला की पावडर नष्ट होते. उरते ॲल्युमिनियमचे आम्लयुक्त पाणी आणि चिखल. बोगदा म्हणावा तर प्रत्येक गाडीमागे नवा खणावा लागतो आणि त्याची माती खाली कोणाच्या तरी अंगणात टाकावी लागते.

ही माती किती, याचे एक माप आहे. रॉजर शेल्डन या रसायनतज्ज्ञाने १९९२ साली साधा प्रश्न विचारला : एक किलो मालामागे टाकाऊ किती किलो? तेल शुद्धीकरणात ते दशांश किलोहून कमी निघाले. ढोबळ रसायनांत एक ते पाच किलो. सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास. औषधांत पंचवीस ते शंभर, कधी त्याहूनही जास्त. ज्या मालाची किंमत जास्त, त्याची घाणही जास्त.

आणि ती घाण खालच्या अंगाला येते. नकाशा पाहा. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि दासगावच्या अंगाने बाणकोटच्या खाडीकडे जाते. कारखाने वर, दासगाव खाली. गावाच्या पाणवठ्यावर आपल्या माणसांनी खालच्या अंगालाच पाणी भरायचे, असा दंडक होता. आजोबांच्या तोंडून आम्ही तो ऐकला आहे. आता दंडक नाही, पण नदीचा उतार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सावित्रीचे नाव आहे. खाडीवर जाळे टाकणाऱ्या माणसाला ती यादी वाचावी लागत नाही. मोर्चा काढणे, निवेदन देणे हे करायलाच हवे. मीही त्यात असतो. परंतु अधिकाऱ्यासमोर बसून ''ही पद्धत बदला, या टप्प्याला घन उत्प्रेरक वापरा, मग हे पाणी निघणारच नाही'' असे सांगणारा माणूस आपल्या बाजूला नसतो. तो समोरच्या बाजूला बसलेला असतो.

हरित म्हटलेले सगळे निर्धोक असते असेही कोणी समजू नये. नव्या पद्धतीतला हायड्रोजन फ्लोराइड कातडीतून हाडापर्यंत जातो. पावडरीऐवजी झिओलाइटसारखे घन आम्ल वापरता आले तर उत्तम. ॲनिसोल या पदार्थाच्या बाबतीत ते कारखान्याच्या पातळीवर साधले आहे. आयसोब्युटिल बेन्झीन मात्र तितके चपळ नाही, तिथे ते समाधानकारक साधत नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या पॅलेडियमवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस महत्त्वाचे काम केले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, घन आम्लांवर आयुष्यभर काम केलेले गणपती यादव हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे. म्हणजे विषय परका नाही, माणसे परकी नाहीत. प्रश्न एवढाच की, त्या इमारतींत दासगावचे पोर कसे शिरेल आणि शिरल्यावर टिकेल कसे.

शिरण्याची वाट कागदावर सरळ आहे. बी.एस्सी., दोन वर्षांचे एम.एस्सी., मग नेट किंवा गेट. नेटमध्ये वरच्या यादीत आले की कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. अनुसूचित जातींसाठी केंद्राची वेगळी अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून आहे, राज्यात बार्टीची आहे. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. सुरुवातीला काही महिन्यांचा अभ्यासक्रम, मग संशोधन, मग प्रबंध. प्राध्यापकीसाठी १ जुलै २०२३ पासून नेट-सेट पुरेशी झाली आहे, तेव्हा माझे विद्यार्थी विचारतात, ''सर, मग पीएच.डी. कशाला?'' नोकरीसाठीच करायची असेल तर नका करू, असे मी त्यांना सांगतो. पण प्रमाण ठरवणाऱ्या खुर्चीवर बसायचे असेल तर दुसरी वाट मला माहीत नाही.

या पाच वर्षांत माणूस काय करतो? बाहेरून ते गूढ वाटते, आतून ते बरेचसे सुतारकाम आहे. गोलतळी चंबूत पदार्थ घ्यायचे, हवा काढून नायट्रोजन भरायचा, चुंबकाची कांडी फिरवत ठेवायची. दर तासाला काचेच्या नळीच्या टोकाने एक ठिपका सिलिकाच्या पट्टीवर ठेवायचा. शाईचा डाग टीपकागदावर पसरताना जसे रंग वेगळे होतात, तसे पट्टीवर पदार्थ वेगळे होतात. जुना ठिपका गेला आणि नवा आला की अभिक्रिया झाली. मग सिलिका भरलेल्या उभ्या नळीतून मिश्रण सोडून तासन्तास थेंब गोळा करायचे. मिळालेला पदार्थ तोच आहे का, हे एन.एम.आर. यंत्राच्या आलेखावरून वाचायचे. दहांतल्या सात अभिक्रिया फसतात. का फसल्या, हे प्रयोगवहीत लिहायचे. तारीख, वजन, तापमान, वेळ, रंग. माझ्या मते सगळ्या शिक्षणाचे सार त्या वहीत आहे. तिथे मार्गदर्शकाचे मत चालत नाही, घराण्याचे नाव चालत नाही. पदार्थ वितळायचा त्याच तापमानाला वितळतो.

आणखी एक गोष्ट शिकतात, ती उष्णतेची. शंभर मिलिलिटरच्या चंबूत जी अभिक्रिया बर्फाच्या भांड्यात गुपचूप होते, ती पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये तशी होत नाही. उष्णता निर्माण होते ती घनफळाच्या हिशेबाने, बाहेर जाते ती भिंतीच्या क्षेत्रफळातून. भांडे जितके मोठे, तितकी दर लिटरमागे भिंत कमी. हे गणित चुकले की तापमान चढते, तापमान चढले की अभिक्रिया वेगाने होते, वेगाने झाली की आणखी तापते. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या वसाहतीत एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ माणसे गेली. तिथे नेमके काय चुकले, यावर मी बोलणार नाही. पण त्या आठवड्यात मी वर्गात दुसरे काही शिकवले नाही. हे भिंतीचे आणि घनफळाचे गणितच शिकवले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरातले कोणी ना कोणी पाळीवर होते.

आता जातीकडे येतो. कोणी मला प्रयोगशाळेत पाण्याच्या माठापासून दूर केले नाही. तसे होत नाही. होते ते असे. नव्या विद्यार्थ्याने सुरुवातीला सगळ्यांची काचसामग्री धुवायची, ही रीत सगळीकडे आहे आणि त्यात मला अपमान वाटला नाही. पण माझ्यानंतर दोघे नवे आले तरी धुण्याचे काम माझ्याकडेच राहिले. मी विचारले तेव्हा एक वरिष्ठ विद्यार्थी हसून म्हणाला, ''तुझ्या हाताला सफाई आहे, बाबा.'' सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे मला अजून बोचते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही, शेजारी उभे राहून होते. पॅलेडियम लावलेला कोळसा गाळताना कोरडा पडू दिला तर पेट घेतो; सोडियमचा उरलेला तुकडा पाण्यात टाकायचा नसतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सावकाश विरवायचा असतो. हे कोणीतरी सांगावे लागते. चहाला कोण कोणाबरोबर जातो, रात्री आलेख कोण कोणाला वाचून दाखवतो, परिषदेत मार्गदर्शक कोणाची ओळख करून देतात, यावर निम्मे शिक्षण ठरते. मला सोडियम हाताळायला शिकवले ते प्रयोगशाळेतल्या परिचराने. विदर्भातला माणूस, शिक्षण दहावीपर्यंत. पहिल्याच आठवड्यात त्याने माझे आडनाव विचारले आणि दुसरे काही न विचारता दुपारी मला बोलावून घेतले. अडीच वर्षे मी गटाच्या बैठकीत तोंड उघडले नाही, कारण इंग्रजी चुकेल ही भीती. ही चूक माझीही होती, हे मान्य करतो. वही बरोबर होती, पण वही आपणहून बोलत नाही.

आणि पैसा. माझी अधिछात्रवृत्ती एकदा सात महिने आली नाही. ज्याच्या घरून पैसे येतात त्याला सात महिने म्हणजे गैरसोय. माझ्या घरी वडिलांच्या पगारातून माझ्याकडे पैसे आले आणि धाकट्या बहिणीचे डी.एड. एक वर्ष लांबले. २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईत आझाद मैदानावर बसावे लागले. हैदराबादला रोहित वेमुलाची अधिछात्रवृत्ती २०१५ साली थांबली आणि १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. मी तेव्हा प्रबंधाचे दुसरे प्रकरण लिहीत होतो. कार्यकर्त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, प्रवेशासाठी जेवढी लढाई करतो तेवढीच दर महिन्याच्या हप्त्यासाठी करावी लागणार आहे. चंबू तीन महिने थांबू शकत नाही.

'शुद्ध' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. रसायनात त्याला कसोटी आहे. वितळणबिंदू नेमका हवा, पट्टीवर ठिपका एकच हवा, आलेखात नको ते शिखर नको. ज्याला शंका असेल त्याने पुन्हा तपासावे. माझ्या शेतातल्या माणसाचा पदार्थ असो की कुलगुरूंचा, कसोटी तीच. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या मागून आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा महाडच्या सनातन्यांनी तळ्याचे पाणी १०८ घागरींत काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतले. याला शुद्धीकरण म्हणाले. कोणत्याही एम.एस्सी.च्या मुलाला हा प्रयोग दाखवा. कशात काय मिसळले आणि शेवटी काय हाती आले, हे तो सांगेल. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने आमच्या दासगाव बंदरात उतरले आणि पायी महाडला गेले. त्या बंदराच्या गावात जन्मलेला माणूस म्हणून मला शुद्धतेची ही दुसरी, तपासता येणारी व्याख्या आपल्या मुलांच्या हातात द्यावीशी वाटते.

स्टुअर्ट ॲडम्सची एक गोष्ट सांगायची राहिली. रेल्वेत काम करणाऱ्याचा हा मुलगा १६व्या वर्षी शाळा सोडून बूट्सच्या औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागला. त्या उमेदवारीतून नॉटिंगहॅमला पदवी, पुढे लीड्सला पीएच.डी., आणि १९५२ साली परत बूट्समध्ये, संशोधक म्हणून. दुकानातल्या पोरापासून प्रमाण ठरवणाऱ्या खुर्चीपर्यंत तिथे एक वाट होती. महाडच्या वसाहतीत इतके कारखाने आहेत. हेल्परच्या मुलीला एम.एस्सी.साठी वर्षाला एक जागा, सुट्टीत प्रयोगशाळेत दोन महिने उभे राहायची परवानगी, एवढे मागायला आपल्या संघटनांना काय हरकत आहे? आपण देणगी मागतो जयंतीच्या मंडपासाठी. ती मागू नये असे नाही. पण मागण्यांच्या यादीत हेही असावे.

गेल्या उन्हाळ्यात पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. जाण्याआधी ती घरी आली होती. वडिलांनी तिला चहा दिला आणि विचारले की, तू काय शिकणार. ती म्हणाली, उत्प्रेरक. मग वडिलांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. एकदा पावसात पोते फाटले, दहा-बारा किलो पावडर भिजून वाया गेली. दुसरे पोते आणायला गोदाम बंद. तेवढी कमी घालूनच बॅच चालवली. माल मोजला तर नेहमीइतकाच उतरला. त्यांनी साहेबाला सांगितले की, मापापेक्षा कमी घातली तरी चालते बहुतेक. साहेब म्हणाला, तुझं काम वतायचं, मोजायचं न्हाई.

तिने लगेच विचारले, ''आजोबा, एकूण किती पोती घालायचात? माल किती निघायचा?'' त्यांनी आकडे सांगितले. ती कागदावर रेणूभार मांडत बसली. तारीख त्यांना आठवत नाही. साल बहुधा १९९८, श्रावण असावा. मी ते सगळे माझ्या जुन्या प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.